पहिल्याच बोर्डाला ईएमआय (कर्जाचा हप्ता नव्हे, यंत्रातून निघणारा रेडिओ-गोंगाट) बघावं का? आमच्या काट्याची कथा आणि काही प्रश्न

गाळा_नंबर_१४

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय.

आमचा मरोळ एमआयडीसीत छोटा गाळा आहे. आम्ही वजनकाटे बनवतो. किराणा दुकानात बिल काढणारा काटा बघितला असेल: पुढे कीबोर्ड, आत छोटा थर्मल प्रिंटर, मागे एक खांब आणि खांबाच्या टोकाला गिऱ्हाइकाला दिसणारा डिस्प्ले. तोच. क्षमता ३० किलो, अचूकता १० ग्रॅम. युरोपातला एक वितरक माल घ्यायला तयार झाला, पण सीई (युरोपात माल विकायला लागणारी खूण) हवं म्हणाला. म्हणजे काट्यांचा स्वतंत्र निर्देश २०१४/३१ आहेच, वर ईएमसीचा २०१४/३० सुद्धा.

ज्यांचा ईएमसीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: आपल्या यंत्राने शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि शेजाऱ्याच्या त्रासाने आपण कोलमडायचं नाही. चाळीत वाढलेल्याला यापेक्षा जास्त समजावायला नको.

आम्ही सगळं नीट केलं असं वाटत होतं. तिसऱ्या आवृत्तीचा बोर्ड, प्लास्टिकचा साचा पास, दोनशे खोकी छापून गाळ्यात रचलेली. मग लॅबमध्ये एक दिवस बुक केला. दिवसाचं भाडं म्हणजे आमच्या दोन हेल्परांचा महिन्याचा पगार.

सकाळी रेडिएटेड एमिशन, म्हणजे यंत्रातून हवेत जाणारा गोंगाट. काटा टेबलावर, तीन मीटरवर अँटेना, टेबल हळूहळू गोल फिरतंय. १४४ मेगाहर्ट्झला ४९ डेसिबल. तिथे वर्ग बी ची (घरगुती जागेतल्या यंत्रांची) मर्यादा ४०. इंजिनिअरने टेबल परत फिरवलं, अँटेना वरखाली केली, आकडा तोच.

दुपारी उलटी चाचणी. काट्यावर ५ किलोचं वजन ठेवलं आणि बाहेरून १० व्होल्ट प्रति मीटरचं क्षेत्र सोडलं. कॅमेऱ्यातून डिस्प्ले बघत होतो. ५.०००, ५.०००, मग १४० च्या आसपास ५.०१०, ५.०३०, ५.०६०. काट्याला एका घराची, म्हणजे १० ग्रॅमची चूक माफ असते. आमचा काटा हवेतून ६० ग्रॅम तोलत होता.

संध्याकाळी घाटकोपरपर्यंत मेट्रोत उभ्याने आलो. पार्टनर काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

प्रश्न दोन. एक, परत लॅबला पैसे ओतण्याआधी गाळ्यातच काही मोजता येईल का? दोन, हे नेमकं कुठल्या टप्प्यावर बघायला हवं होतं?

सोल्डरकाका

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, राग मानू नका. साचा झाला, खोकी छापली आणि मग ईएमसीला गेलात. अक्षता पडल्यावर पत्रिका जुळवायला बसण्यातला प्रकार झाला. आता तुमच्या हातात फेराइट (केबलवर चढवायचा, गोंगाट अडवणारा चुंबकी मणी) आणि देव, दोनच उपाय.

सर्किट कागदावर असताना प्रत्येक क्लॉकच्या (प्रोसेसरचे ठोके नेणाऱ्या) लाइनीत एक रेझिस्टर काढून ठेवायला काय लागतं? काहीच नाही. शून्य ओहमचा लावून ठेवायचा, गरज पडली तर ३३ किंवा ४७ चा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वायरीपाशी कॅपॅसिटरची रिकामी जागा ठेवायची. बोर्ड हातात आल्यावर हेच करायला निघालात की ट्रेस कापून वायरी लटकवाव्या लागतात. साचा झाल्यावर फेराइट ठेवायलासुद्धा जागा नसते, कारण कोणी तरी खोकं 'स्लिम' केलेलं असतं.

आता कामाचं: खांब धातूचा का? आणि त्यातली वायर किती लांब?

गाळा_नंबर_१४

काका, बरोबर आहे, मांडव आम्हीच घातला. खांब लोखंडी, पावडर कोटिंग केलेला. आतून आठ तारांची रिबन केबल, खालपासून डिस्प्लेपर्यंत ५१ सेंटिमीटर.

दोनमीटर

५१!!!

मी हौशी रेडिओवाला आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा आमचा दोन मीटर बँड, माझं नाव त्यावरूनच. १४४ ची तरंगलांबी २०८ सेंटिमीटर, तिचा पाव भाग ५२. आमच्या स्कूटरवरची उभी अँटेना साधारण तेवढीच असते. आम्ही ती मुद्दाम कापून तेवढी करतो, तुम्ही नकळत केलीत. साहेब, तुम्ही काटा नाही, पाव-तरंग अँटेना विकताय, सोबत वजन फुकट.

आणि दुपारचा गोंधळही तिथलाच. जी तार एखाद्या फ्रिक्वेन्सीला चांगली ओरडते ती त्याच फ्रिक्वेन्सीला चांगली ऐकतेही. म्हणून सकाळी १४४ ला फेल आणि दुपारी १४० च्या आसपास वजन पळालं. दोन रोग नाहीत तुमच्याकडे, एकच आहे.

सोल्डरकाका

+१. यात भर एवढीच की ऐकलेलं जातं कुठे तेही बघा. लोडसेल (वजनाचं व्होल्टेज करणारा भाग) २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा धरू, ५ व्होल्ट दिलेत तर पूर्ण ३० किलोला १० मिलिव्होल्ट. त्याचे ३००० भाग करा, एका घराला ३.३ मायक्रोव्होल्ट. खांबातून आलेला रेडिओ सिग्नल अँप्लिफायरच्या पायाशी पोचला की आतल्या जंक्शनवर तो डिटेक्ट होतो आणि थोडासा डीसी होऊन बसतो. चार-पाच मायक्रोव्होल्ट सरकले की बटाटे महागले. सॉफ्टवेअरमध्ये कितीही सरासरी काढा, सरकलेला डीसी सरासरीने जात नाही.

फर्मवेअरवाली

१४४ हा आकडा बघून विचारते. प्रोसेसर एसटीएम३२एफ१०३ आहे का, ८ चा क्रिस्टल आणि आत ७२ मेगाहर्ट्झ? असेल तर १४४ ही त्याची दुप्पट. पण ती खांबात कशी चढली हा खरा प्रश्न. डिस्प्लेला एसपीआयने (चिपांमधल्या डेटाच्या तारांनी) डेटा जातो का, आणि क्लॉक किती?

अजून एक. पिन आउटपुट करताना त्या चिपमध्ये वेग निवडावा लागतो: २, १० किंवा ५० मेगाहर्ट्झ. उदाहरणातला कोड उचलला की तो ५० ला असतो आणि आपण कोणीच बदलत नाही. हा वेग म्हणजे कडा किती तीक्ष्ण काढायची ते. सुतळी कापायला वस्तरा कशाला?

गाळा_नंबर_१४

ताई, तुम्ही आमच्या गाळ्यात कॅमेरा लावलाय का? तोच प्रोसेसर. एसपीआय १८ मेगाहर्ट्झवर. डिस्प्लेवर सहा आकडे आणि ते सेकंदाला पाचदा बदलतात. १८ का ठेवलं विचारलं तर आमचा मुलगा (कामावरचा) म्हणाला, "सर, चालत होतं म्हणून."

आज क्लॉक १ वर आणला, पिना २ वर. कोडच्या चार ओळी. पण फरक पडला की नाही ते कळणार कसं? मोजायला काही नाही.

सोल्डरकाका

अँटेना आणि चेंबर (लॅबमधली चाचणीची बंद खोली) विसरा. तुम्हाला केबलवरचा कॉमन-मोड करंट मोजायचाय, म्हणजे सगळ्या तारांमधून एकाच दिशेने जाणारा, ज्याला परतीचा रस्ता त्या केबलमध्ये सापडलेला नाही. तोच हवेत जातो.

साधन: एक उघडमीट होणारा जाड फेराइट, त्यावर पातळ तारेचे पाच-सहा वेढे, वेढ्यांची टोकं कोॲक्सला, कोॲक्स (टीव्हीच्या अँटेनासारखी केबल) स्पेक्ट्रम ॲनलायझरला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल ते दाखवणाऱ्या यंत्राला. टायनीएसए हा छोटा, स्वस्त ॲनलायझर पुरतो. फेराइटच्या भोकातून तुमची केबल जाऊ द्या. झाला करंट क्लॅम्प.

आणि हा हिशोब चिठ्ठीवर लिहून बाकावर चिकटवा: एक मीटर केबल, ५० मेगाहर्ट्झ, ५ मायक्रोअँपिअर. तीन मीटरवर क्षेत्र येतं सुमारे १०५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे ४० डेसिबल. मर्यादा संपली. मिली नाही, मायक्रो. नवीन पोरांना हे सांगितलं की आधी हसतात. फ्रिक्वेन्सी वाढली की त्याच केबलला त्याहून कमी करंट पुरतो, केबल आखूड असली की थोडी सूट.

क्लॅम्पचा गुणक साधारण ५ ओहम निघाला असं धरलं तर ५ मायक्रोअँपिअरला २५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे पडद्यावर उणे ७९ डीबीएम. गुणक काढायला सिग्नल जनरेटरची तार क्लॅम्पमधून नेऊन ५० ओहमवर संपवा. करंट तुम्हाला ठाऊक, व्होल्टेज पडद्यावर.

शंकासुर

गोष्ट रंगलीय म्हणून मिठाचा खडा टाकतो. टायनीएसएवर 'पास' दिसलं म्हणून लॅबमध्ये पास होत नाही. मुंबईत उघड्यावर केबल ही एफएमची अँटेना असते. ९१.१ पासून १०७.१ पर्यंत स्टेशनांची रांग, वर मोबाइलचे टॉवर. स्वस्त यंत्राचं तोंड त्या जोरदार सिग्नलांनी भरून जातं आणि ते नसलेल्या जागी खोटी शिखरं दाखवतं. मी एकदा तीन दिवस एका शिखरामागे धावलो. ते दोन रेडिओ स्टेशनांचं बाळ निघालं.

सोल्डरकाका

शंकासुराशी पूर्ण सहमत, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही. (१) यंत्र बंद ठेवून आधी एक रेषा साठवा. चालू केल्यावर जे नवीन उगवलं तेवढंच तुमचं. (२) तोंडाशी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावा. खरं शिखर १० ने उतरेल, खोटं त्याहून जास्त. (३) आकडा कधीच खरा मानू नका, फरक माना. तीच जागा, तीच केबल, तेच टेबल, बदल एकच. 'आधी' आणि 'नंतर' यातला फरक गाळ्यातही खराच असतो. पहिल्या बोर्डाला त्याहून जास्त लागतंय कशाला?

आजीचा_रेडिओ

अवांतर: आमच्या आजीकडे मिडियम वेव्हवर अस्मिता वाहिनी लागायची, ५५८ किलोहर्ट्झ. घरात स्वस्तातले एलईडी बल्ब आले आणि संध्याकाळी दिवे लागले की अस्मिता गेली, नुसती घरघर. आजी म्हणायची, "दिव्याला गाणं आवडत नाही." ही सगळी भानगड सुरू झाली तीसुद्धा रेडिओसाठीच ना? सिस्पर ही मर्यादा ठरवणारी समिती १९३४ सालची, काम रेडिओचं ऐकणं वाचवणं.

गाळा_नंबर_१४

आजीला नमस्कार. एका वाक्यात माझ्या पार्टनरला जे समजलं नव्हतं ते समजलं.

अपडेट. शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. तीन दुकानांतून तीन प्रकारचे क्लिपवाले फेराइट, टायनीएसए, कोॲक्सचे तुकडे. काकांच्या कृतीने क्लॅम्प केला. जुना कोड, खांबाच्या तळाशी केबलवर: १४४ ला मोठा सुळका, आसपास १२६, १६२, १८०, सगळे १८ च्या पटीत. नवा कोड टाकला: १२६, १६२, १८० गायब. १४४ सहा डेसिबलने खाली. चार ओळींत! पण उरलाच.

फेराइटची गंमत. दोन प्रकारांनी ४-५ डेसिबल दिले, तिसऱ्याने शून्य. उघडून पाहिला तर आतल्या दोन अर्धगोलांपैकी एक तिरका चिकटवलेला, मिटल्यावर मध्ये नखाएवढी फट. फट राहिली की नुसता प्लास्टिकचा दागिना.

आता उरलेल्या १४४ चं काय करू? तिथे तर ना क्लॉक ना डेटा.

सोल्डरकाका

तो प्रोसेसरच्या बोर्डाच्या ग्राउंडवर बसलेला आहे. ग्राउंड म्हणजे शून्य, हे फक्त कागदावर. ७२ चा प्रोसेसर ग्राउंड थरथरवतोय आणि तुमची ग्राउंडची तार ती थरथर खांबात घेऊन जातेय. लोखंडी खांब खालच्या चासीला नीट जोडलेला असता तर तो केबलचं कवच झाला असता. खांब आणि चासीमधला रेझिस्टन्स मीटरने मोजा.

गाळा_नंबर_१४

काका, पाय कुठे आहेत तुमचे?

मीटर लावला: ओपन. खांबाला चार स्क्रू, चारही घट्ट, तरीही ओपन. खांबाला पावडर कोटिंग, चासीला पावडर कोटिंग, स्क्रू प्लास्टिकच्या बुशमधून. दिसायला एकजीव, विजेला दोन वेगळी बेटं.

खांब काढला. तळाच्या चकतीवरचं कोटिंग कानसने घासायला बसलो. चिवट असतं ते, आधी नुसतं चकाकतं, मग राखाडी भुकटी पडते आणि मग एकदम खालचं लोखंड उजळतं. चासीच्या बाजूलाही एक रुपयाच्या नाण्याएवढं घासलं, बुश काढून दातेरी वॉशर टाकले, आवळलं. मीटर: ०.१ ओहम. क्लॅम्प लावला तर १४४ अजून नऊ डेसिबल खाली. पार्टनर मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "म्हणजे आपण रंग लावून अँटेना बनवली होती."

फेराइट, बोर्ड, काही नाही. वीस मिनिटं कानस.

दोनमीटर

टाळ्या. घासलेल्या जागी गंज येणार मात्र. मुंबईची हवा आहे, दोन पावसाळ्यांत तो जोड परत बेट होईल. उत्पादनात तेवढी जागा कोटिंगच्या आधी टेप लावून झाका आणि झिंक प्लेटिंग करून घ्या.

चेंबरमधला

मी एका लॅबमध्ये टेबल फिरवणारा माणूस आहे, कुठल्या ते विचारू नका. धागा वाचून राहवलं नाही.

लोक आमच्याकडे कसे येतात ते सांगतो. यंत्र आणतात, चार्जर विसरतात. बोर्ड आणतात, कोड टाकायची वायर आणत नाहीत, त्यामुळे तुमच्या त्या चार ओळी इथे बदलता येत नाहीत. सोल्डरिंग गन आमच्याकडे मागतात. दिवसाला भाडं भरून दुपारी दोघं जण रिक्षाने फेराइट शोधायला जातात आणि चेंबर रिकामं. त्याचं मीटर चालूच.

दुसरं, इम्युनिटीत (बाहेरचा त्रास सोसायच्या चाचणीत) 'फेल' म्हणजे काय हे लिहून आणत नाहीत. स्पार्क दिल्यावर डिस्प्ले लुकलुकला आणि परत आला, हे पास की नापास? काट्याला वजन महत्त्वाचं, प्रिंटरचा एखादा ठिपका चुकला तर चालेल का? तुम्हीच आधी ठरवायचं. कागद नसला की चेंबरमध्ये उभ्या उभ्या वाद होतात.

तिसरं, आधी अर्ध्या दिवसाची नुसती प्राथमिक झडती घ्या, प्रमाणपत्राशिवाय. पीक डिटेक्टरने सगळा पट्टा भरकन बघतो, क्वासी-पीक (मर्यादेशी तुलना करायची सावकाश मोजणी) फक्त संशयित जागी. त्या वेळी बोर्ड पहिल्या आवृत्तीचा आणि उघडा असला तर सोन्याहून पिवळं, हाताने फेराइट लावून बघता येतं. आणि मर्यादेखाली निदान ६ डेसिबल राहू द्या. लॅब बदलली, केबल वेगळी लोंबली की तेवढं इकडेतिकडे होतं.

नवशिक्या_डोंबिवली

खूप छान माहिती. एक बाळबोध शंका. आमच्या अडॅप्टरला बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे. म्हणजे ईएमसी झालीच ना?

चेंबरमधला

नाही. तो क्रमांक IS 13252 चा असेल, तो सुरक्षेचा: शॉक, आग, इन्सुलेशन. अडॅप्टर शेजाऱ्याचा रेडिओ खातो का हे त्यात कोणी बघत नाही. या गैरसमजावर आमच्या लॅबचं बरंच पोट भरतं.

मुंबईत कुठे जायचं हे विचारणाऱ्यांसाठी: अंधेरी एमआयडीसीत एसटीक्यूसीची ईआरटीएल (वेस्ट) ही सरकारी लॅब आहे, पवईत आयआयटीच्या आवारात समीर ही सरकारी संस्था आहे, गाड्यांचं असेल तर पुण्याची एआरएआय, आणि खासगी लॅब भरपूर. जाण्याआधी एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) संकेतस्थळावर त्या लॅबचा स्कोप उघडून बघा, तुम्हाला हवी ती चाचणी त्यात आहे का.

गाळा_नंबर_१४

अडॅप्टरचा विषय निघालाच आहे तर आमचं दुसरं दुखणं. त्या दिवशी कंडक्टेडही (विजेच्या तारेतून बाहेर जाणारा गोंगाट) २०० किलोहर्ट्झच्या आसपास वर होतं. आम्ही १२ व्होल्टचा अडॅप्टर बाजारातून घेतो. नमुना म्हणून आणलेला छान होता, मी स्वतः उघडून बघितला होता. काल चालू लॉटमधला उघडला. तेच स्टिकर, तोच क्रमांक, तोच बोर्ड. पण गोंगाट अडवणारा दोन पिवळ्या गुंडाळ्यांचा चोक होता तिथे दोन जंपर (साध्या तारा), आणि त्याच्या जोडीच्या एक्स कॅपॅसिटरच्या जागी नुसती भोकं. व्यापाऱ्याला फोन केला. म्हणाला, "व्होल्टेज बरोबर येतंय ना साहेब?"

सोल्डरकाका

तुमच्या व्यापाऱ्याचे भाऊबंद सगळीकडे आहेत. बरेच अडॅप्टर ६५ किलोहर्ट्झवर चालवतात, कारण मोजणी १५० पासून सुरू होते आणि दुप्पट १३० ला येऊन त्याखाली लपते. तिप्पट १९५ ला येते, ती लपत नाही. ती अडवायलाच तो चोक. पहिल्या लॉटपासूनच दर लॉटमधला एक अडॅप्टर फोडायचा, फोटो काढायचा, नमुन्याच्या फोटोशेजारी लावायचा. वीस रुपयांच्या वस्तूवर विश्वास टाकून दोनशे खोकी छापू नयेत.

नवशिक्या_डोंबिवली

काका, कंडक्टेड घरी मोजायचं तर लिझन (ते मधलं जोडणीचं यंत्र) स्वतः बनवता येईल का? सर्किट सोपं दिसतंय, ५० मायक्रोहेन्री आणि चार कॅपॅसिटर.

सोल्डरकाका

सर्किट सोपं आहे, मरणंही सोपं आहे. त्यात लाइन आणि अर्थ (अर्थिंगची तार) यांच्यामध्ये ८ मायक्रोफॅरडसारखे मोठे कॅपॅसिटर असतात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ: हिशोब करा, अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट सतत अर्थमध्ये जातो. घरातला आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला पडतो, तो ताबडतोब पडेल, आणि ते तुमचं नशीब. अर्थ सुटलेली असेल तर त्या खोक्याचा पत्रा जिवंत. म्हणून आधी अर्थ बोल्टने पक्की, मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, मग लिझन. आणि ॲनलायझरची केबल सगळं चालू झाल्यावर लावा, बंद करण्याआधी काढा. चालू-बंदच्या झटक्यात त्याचं तोंड जळतं. बाकावर दुसरा माणूस असल्याशिवाय हे करू नका. १२ व्होल्टच्या डीसी बाजूला लिझन बनवून शिका, तिथे मी मदत करतो.

संत्र्याच्या_गावचा

नागपूरहून. मुंबईकरांनी स्थिर विजेचा विचार केलाय का? आमच्याकडे पुण्या-मुंबईची यंत्रं डिसेंबरात येतात आणि स्वेटर घातलेल्या माणसाने बटण दाबलं की रिसेट. कंपनीला कळवलं तर उत्तर: "आमच्याकडे होत नाही."

चेंबरमधला

होणारच नाही. जुलैत मुंबईची आर्द्रता ऐंशीच्या वर. गाळ्यात कितीही चपला घासल्या तरी ठिणगी उडत नाही. चाचणीचा नियम म्हणतो आर्द्रता ३० ते ६० टक्के हवी, म्हणून आम्ही पावसाळ्यात एसी आणि डीह्युमिडिफायर लावून बसतो. मुंबईत विकसित झालेल्या मालाची ही खास खोड आहे. काट्यावर ६ किलोव्होल्ट स्पर्शाने आणि ८ हवेतून मारून बघा, कीबोर्डच्या फटीत आणि पॅनच्या कडेला.

गाळा_नंबर_१४

नागपूरकरांचे खास आभार, हे डोक्यातच नव्हतं. कीबोर्डच्या फटीतून ८ ला आमचा काटा चालू बिल विसरला. मेंब्रेनच्या शेपटीखाली चासीला जोडलेली तांब्याची पट्टी टाकली, आता विसरत नाही.

आणि आजचा निकाल. या खेपेला सोबत कोड टाकायची वायर, गन, चार प्रकारचे फेराइट (फट तपासून), आणि 'फेल म्हणजे काय' याचा एक पानी कागद. १४४ ला ३४. नियमाने सहा खाली, चेंबरमधले दादा खूश होतील. १० व्होल्ट प्रति मीटरला ५ किलोचं वजन ५.००० वरच, फक्त १६५ च्या पुढे एका ठिकाणी ५.०१० झालं, तेवढं चालतं, तरी मला ते टोचतंय. कंडक्टेड नव्या अडॅप्टरने पास. तो दुसऱ्या पुरवठादाराचा, ४० रुपयांनी महाग, पार्टनरने एकदाच तोंड वाकडं केलं.

नवा अडॅप्टर जरा जाड आहे, जुन्या खोक्यात मावत नाही. दोनशे खोकी वाया.

नवशिक्या_डोंबिवली

अभिनंदन! खोकी विकणार का? मला एक लॉट पाठवायचाय, माप कळवा.

गाळा_नंबर_१४

४२ बाय ३८ बाय १६ सेंटिमीटर. विकत कसली, गाळ्यावर या आणि घेऊन जा. वर काट्याचं चित्र आहे, त्यावर कागद चिकटवा. आणि येताना तुमचा एलईडी ड्रायव्हर किंवा जे काही बनवताय त्याचा पहिला बोर्ड घेऊन या, क्लॅम्प बाकावरच पडलेला असतो.